इगतपुरीचा अदृश्य नाका

(द्वितीय वर्ष, कला)

खानदेशातून मुंबईस जाण्याचे लोहमार्ग दोन. एक भुसावळ-जळगावहून चाळीसगाव, मनमाड, नाशिकरोड, इगतपुरी करीत कसारा घाट उतरणारा. दुसरा जळगावहून अमळनेर, नंदुरबारमार्गे सुरतेस जाऊन तेथून दक्षिणेकडे वळणारा. यांपैकी कोणताही मार्ग धरला तरी मुंबईच्या अलीकडे एक अदृश्य नाका लागे. पहिल्या मार्गावर तो इगतपुरीस होता, दुसऱ्यावर विरारला. तेथे जकात द्यावी लागत नसे, झडती होत नसे. पण गाडीच्या डोक्यावरची तार तेथे आपला स्वभाव बदलत असे. इगतपुरीपर्यंत पंचवीस हजार व्होल्टची, आणि घाट उतरताना पंधराशे व्होल्टची. दिसायला दोन्ही तांब्याच्याच.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विजेच्या इंजिनांच्या उठाठेवीत का पडावे, असे प्राध्यापक मंडळींना वाटेल. त्याचे कारण घरगुती आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे गावात कोणाला काही कळेनासे झाले की माझ्याकडे बोट दाखवण्याची प्रथा पडली आहे. मग ते सातबारावरचे इंग्रजी असो की औषधाच्या बाटलीवरचे. माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पूर्वी मुंबईच्या दवाखान्यात नातलगांना घेऊन बऱ्याच खेपा केल्या होत्या. इगतपुरीस गाडी उभी राही, इंजिन सुटे, दुसरे येऊन लागे, ब्रेक तपासले जात, आणि आजारी माणूस डब्यात कण्हत पडलेला असे. आबांचा प्रश्न साधा होता : "तार ते एकच शे, मंग इंजिन काबर बदलतस?" या प्रश्नाचे उत्तर भुसावळच्या लोको शेडमध्ये नोकरी केलेल्या मामांकडून आणि ग्रंथालयातल्या पुस्तकांतून मला जेवढे उमगले, तेवढे येथे मांडतो.

आधी इंजिनाच्या डोक्यावरच्या त्या सांगाड्याविषयी. त्यास पॅन्टोग्राफ म्हणतात. शेडमधली माणसे नुसते 'पॅन्टो' म्हणून मोकळी होतात. शब्द ग्रीक आहे, 'सर्व' आणि 'लिहिणे' या दोन शब्दांपासून झालेला. मूळचा पॅन्टोग्राफ हे चित्राची लहानमोठी नक्कल काढण्याचे उपकरण. सतराव्या शतकाच्या आरंभी क्रिस्टोफ शायनर या जर्मन पंडिताने ते तयार केले. सांध्यांनी जोडलेल्या चार काठ्यांचा चौकोन दाबला की पसरतो आणि सोडला की आवळतो, एवढीच त्यातली युक्ती. जुन्या इंजिनांवरचे शंकरपाळ्याच्या आकाराचे सांगाडे या उपकरणासारखे दिसत, म्हणून नाव चिकटले. पुढे लुई फैव्हले या फ्रेंच माणसाने शंकरपाळ्याचा अर्धा भाग कापून टाकावा तसा एका हाताचा पॅन्टोग्राफ पुढे आणला. आज आपल्याकडे दिसतात ते बहुतेक याच जातीचे, कोपरात वाकवलेल्या हातासारखे.

या हाताचे काम ऐकायला सोपे आहे : वरची तार खालून दाबून धरायची आणि धावत्या गाडीत वीज उतरवायची. दाब फार झाला तर तार उचलली जाते आणि पट्टी झिजते. कमी झाला तर हात तारेपासून सुटतो आणि ठिणगी उडते. म्हणून हा दाब साधारण सात किलो वजनाएवढा ठेवतात. शंभर टनांहून अधिक वजनाचे इंजिन आपली सगळी ताकद तारेला सात किलोंनी टेकलेल्या एका पट्टीतून घेते, ही गोष्ट मला अजूनही नवलाची वाटते. आणखी एक गंमत अशी की तार रुळांच्या मधोमध सरळ ओढलेली नसते. सरळ मार्गावरही ती एका खांबाशी डावीकडे आणि पुढच्या खांबाशी उजवीकडे सुमारे वीस सेंटिमीटर सरकवलेली असते. ती सरळ असती तर पट्टीच्या एकाच जागी घासून करवतीसारखी खाच पाडती. नागमोडी असल्यामुळे पट्टी सारखी झिजते.

आता दोन तारांचा प्रश्न. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेवरची पहिली गाडी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली. त्या काळी रेल्वेच्या मोटारींना सोयीचा होता तो एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, म्हणजे डीसी. त्याचा दाब पंधराशे व्होल्ट ठरला. १९३० च्या सुमारास ही तार एकीकडे पुण्यापर्यंत आणि दुसरीकडे कसारा घाट चढून इगतपुरीपर्यंत पोचली. घाटात मालगाड्या ओढणारी त्या वेळची लांब नाकाची इंजिने जगात 'मगर' म्हणून ओळखली गेली. आपल्याकडच्या कामगारांनी त्यांना 'खेकडा' म्हटले. मला आपल्या लोकांचे नाव अधिक नेमके वाटते.

स्वातंत्र्यानंतर देशभर विजेची रेल्वे करावयाची म्हटल्यावर प्रश्न आला की हीच पद्धत पुढे न्यावी काय? फ्रान्समधील रेल्वेने त्या सुमारास पंचवीस हजार व्होल्टचा, दिशा बदलत राहणारा प्रवाह, म्हणजे एसी, वापरून दाखविला होता. भारताने १९५७ मध्ये तीच पद्धत स्वीकारली. साठीच्या दशकाच्या अखेरीस ही नवी तार इगतपुरी ते भुसावळ या पट्ट्यात आली. अशा रीतीने इगतपुरीस जुनी आणि नवी तार समोरासमोर येऊन ठाकल्या.

यात काय बिघडले हे कळण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. वाचकांनी पान उलटू नये. समजा इंजिनास तीन हजार किलोवॅट शक्ती हवी आहे. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. पंधराशे व्होल्टच्या तारेतून ती घ्यायची तर दोन हजार अँपिअर प्रवाह खेचावा लागतो. पंचवीस हजार व्होल्टच्या तारेतून तीच शक्ती घेण्यास, इतर बारकावे सोडले तर, एकशेवीस अँपिअर पुरतात. आपल्या शेतकऱ्यास हे वेगळे सांगावयास नको. पाटाने पाणी द्यायचे तर पाट रुंद खणावा लागतो. दाबाच्या पाण्याला बोटाएवढी नळी चालते. ज्या जिल्ह्यात केळीच्या बागा ठिबकवर उभ्या आहेत, तेथील कोणीही पंधराशे व्होल्टला पाट आणि पंचवीस हजार व्होल्टला नळी म्हणेल.

पाट रुंद हवा म्हणून डीसीची तार जाड, काही ठिकाणी जोडीने ओढलेली. आणि वीज वाटेतच तापून वाया जाऊ नये म्हणून उपकेंद्रे जवळजवळ. एसीची तार हलकी, आणि उपकेंद्रे चाळीस-पन्नास किलोमीटरांवर असली तरी भागते. खर्चाचा सारा फरक येथे आहे. मात्र एसीच्या इंजिनास पोटात जड रोहित्र बाळगावे लागते, कारण पंचवीस हजार व्होल्ट मोटारीस थेट देता येत नाहीत. ते आधी उतरवायचे, मग जुन्या इंजिनांत त्याचा डीसी करून मोटारीस द्यायचा. डीसीच्या इंजिनात असे रोहित्र नसतेच. ते चुकून पंचवीस हजार व्होल्टच्या तारेखाली शिरले तर काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी.

पॅन्टोग्राफवरही याचा परिणाम होतो. दोन हजार अँपिअर एका पट्टीतून उतरवणे म्हणजे ती पट्टी भाजणेच. म्हणून डीसीची इंजिने पुष्कळदा दोन्ही पॅन्टोग्राफ वर करून धावत, आणि एसीची एकच. युरोपात डीसीसाठी दाबही थोडा जास्त, नऊ ते अकरा किलोंपर्यंत ठेवतात आणि पट्टीच्या कार्बनमध्ये तांबे मिसळतात. गाडी स्थानकात उभी असताना तर डीसीचा धोका वाढतो, कारण धावती पट्टी तारेची जागा बदलत राहते, पण उभी पट्टी एकाच ठिकाणी तार तापवीत बसते.

नाका ओलांडण्याचे उपाय तीन. इंजिन बदलावे, किंवा दोन्ही तारा पचवणारे इंजिन करावे, किंवा तारच बदलून टाकावी. आपल्याकडे तिन्ही करून झाले.

पहिला उपाय आबांच्या आठवणीतला. दुसरा पश्चिम रेल्वेने आधी केला. चित्तरंजनच्या कारखान्यात १९७५ पासून दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने तयार होऊ लागली, आणि विरारच्या सीमेवर इंजिन न बदलता गाड्या जाऊ लागल्या. या इंजिनांच्या नावातच सारे होते : डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे डीसी, ए म्हणजे एसी, एम म्हणजे मिश्र कामाचे. पण दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसे थोडे होई. दोन्ही प्रकारची यंत्रसामग्री पोटात वागवायची, आणि एसीखाली सुमारे छत्तीसशे अश्वशक्ती देणारे तेच इंजिन डीसीखाली एकोणतीसशेच्या आसपास येई. नव्वदीच्या दशकात भारत हेवी इलेक्ट्रिकल्सने बांधलेली याच कुळातली इंजिने मध्य रेल्वेवरही आली.

परदेशांत हाच प्रश्न कितीतरी वेगाने धावताना सोडवावा लागला. पॅरिसची गोष्ट तर मुंबईची जुळी बहीण शोभावी अशी आहे. पॅरिस ते लिऑं हा अतिवेगवान मार्ग १९८१ मध्ये सुरू झाला तो पंचवीस हजार व्होल्टचा. पण पॅरिसच्या त्या बाजूच्या जुन्या स्थानकात तार पंधराशे व्होल्टची, डीसी. म्हणजे शहरात जुनी तार आणि बाहेर नवी, अगदी आपल्यासारखेच. फ्रेंचांनी शहरातली तार तशीच ठेवून गाडी दोन्ही तारांची केली. दोन्ही टोकांच्या इंजिनांवर दोन तऱ्हांचे पॅन्टोग्राफ बसविले. सीमा येण्यापूर्वी चालक वीज तोडतो, एक हात खाली घेतो, निर्जीव तारेखालून गाडी आपल्या वेगानेच पुढे सरकते, आणि पलीकडे गेल्यावर दुसरा हात वर चढतो. प्रवाशास कळलेच तर दिवे क्षणभर मिचकावल्याने कळावे.

त्यातही एक बारकावा आहे. पंचवीस हजार व्होल्टखाली ही गाडी मागचा एकच पॅन्टोग्राफ उचलते आणि पुढच्या इंजिनास छतावरच्या केबलमधून वीज पाठविते. पंधराशे व्होल्टखाली प्रवाह इतका मोठा की दोन्ही इंजिनांना आपापला हात वर करावा लागतो. अतिवेगात दोन हात नकोत याचे कारण असे की पहिला हात तारेत लाट उठवतो आणि दुसरा त्या लाटेवर उड्या मारू लागतो.

या लाटेचा विषय मला सर्वांत आवडला, म्हणून जरा रेंगाळतो. बैलगाडीत बसून कासरा हलवला तर लाट बैलाच्या मानेपर्यंत पळत जाते. कासरा सैल असेल तर लाट आळशी, ताणलेला असेल तर चपळ. तारेचेही तसेच. (कसारा घाट आणि कासरा यांचा संबंध नाही, परंतु जुळून आले खरे.) आपल्याकडील नेहमीची तार सुमारे हजार किलोंच्या ताणाने ओढलेली असते आणि तिचे वजन मीटरला किलोच्या आत भरते. हिशेब केला तर तिच्यातील लाट ताशी ३६५ किलोमीटरांच्या आसपास धावते. गाडी या लाटेच्या वेगाजवळ गेली की लाटेस पुढे पळायला जागाच उरत नाही; पॅन्टोग्राफसमोर तारेचा डोंगर उभा राहतो. म्हणून गाडीचा वेग लाटेच्या सत्तर टक्क्यांहून जास्त नसावा असा युरोपातील दंडक आहे. आपल्या तारेस हे गणित अडीचशेच्या पुढे जाऊ देत नाही. २०१७ मध्ये पायाभरणी झालेल्या मुंबई-अहमदाबाद मार्गावर ३२० चा वेग योजला असल्यामुळे तेथे वेगळी, जास्त ताणलेली तार लागणार हे उघड आहे.

फ्रेंचांनी ही मर्यादा हातांनी चाचपून पाहिली आहे. २८ आणि २९ मार्च १९५५ रोजी बोर्दोच्या दक्षिणेस सपाट जंगलातून त्यांनी दोन इंजिने लागोपाठ पळविली आणि ३३१ किलोमीटर वेग गाठला. तार कोणती? तीच मुंबईची, पंधराशे व्होल्टची! दाब तेवढ्यापुरता वाढविला होता, तरी प्रवाह एवढा प्रचंड होता की पॅन्टोग्राफ तापून वितळू लागले. ३ एप्रिल २००७ रोजी फ्रान्समध्येच ५७४.८ किलोमीटरचा विक्रम झाला तो पंचवीस हजारांच्या तारेखाली. दाब एकतीस हजारांपर्यंत चढवलेला आणि तार नेहमीपेक्षा पुष्कळ ताणलेली. पॅन्टोग्राफ मात्र जागेवर राहिला.

युरोपातील इतर देशांची तऱ्हा तर विचारू नये. जर्मनीत पंधरा हजार व्होल्ट, तेही वेगळ्या लयीचे. बेल्जियम आणि इटलीत तीन हजार व्होल्ट डीसी. पॅरिसहून ब्रुसेल्समार्गे कोलोन आणि ॲम्स्टरडॅमला जाणाऱ्या गाड्यांना चार तऱ्हांची वीज पचवावी लागली. पट्टीची रुंदीसुद्धा एकसारखी नाही : जर्मनीत १९५० मिलिमीटर, स्वित्झर्लंडात १४५०, कारण तेथील बोगदे अरुंद. रुंद हात स्विस बोगद्यात अडकेल आणि अरुंद हात जर्मन तारेच्या नागमोडीतून निसटेल. म्हणून काही गाड्यांच्या छतावर हातांची रांगच दिसते. जपानमध्ये अतिवेगवान मार्गावर पंचवीस हजार व्होल्ट, आणि त्यातली काही गाडी पुढे अकिताच्या जुन्या मार्गावर शिरली की वीस हजार. पण तेथे दोन्हीकडे एसीच असल्यामुळे दुखणे सौम्य.

आपण अखेर तिसरा उपाय केला. माझ्या मते तोच योग्य होता, जरी त्यास पिढी खर्ची पडली. २००६ च्या सुमारास नवी तार कसारा घाट उतरून टिटवाळ्याकडे गेली आणि इगतपुरीचा नाका उठला. पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये ती चर्चगेटला पोचली. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर जून २०१५ मध्ये, आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर शेवटची डीसी लोकल धावली. १९२५ मध्ये जेथे आरंभ झाला होता तेथेच शेवट झाला. हे काम लोकल एक दिवसही कायमच्या बंद न ठेवता करायचे होते. कित्येक वर्षे मुंबईच्या लोकलही दोन्ही तारांवर चालणाऱ्या घ्याव्या लागल्या. जुन्या पुलांखाली पंचवीस हजार व्होल्टना पुरेसे अंतर राहीना, तेथे रूळच खाली घेतले.

सर्वांत मोठा धोका टपावरच्या प्रवाशांना होता. पंधराशे व्होल्टच्या तारेस हात लागला तर माणूस मरे. पंचवीस हजारांच्या तारेस हात लावावाच लागत नाही. ती जवळ आलेल्या माणसाकडे स्वतः उडी घेते. दोन मीटरच्या आत जाऊ नये, असा रेल्वेचा इशारा आहे. टपावर बसून वर्षानुवर्षे प्रवास केलेल्या मुलांना तारेतला हा बदल डोळ्यांनी दिसण्याजोगा नव्हता.

हे आपणांस दूरचे वाटू नये. चाळीसगाव-धुळे ही १९०० साली सुरू झालेली शाखा शंभरावर वर्षे बिनतारेची होती. धुळेकरांचे मुंबईचे डबे चाळीसगावी मुख्य गाडीस जोडले जात. २०२१ मध्ये या शाखेवर विजेची गाडी सुरू झाली. म्हणजे ज्या गावांनी डोक्यावर तार कधी पाहिली नव्हती, तेथे एकदम पंचवीस हजार व्होल्ट आले. सायडिंगला उभ्या मालगाडीच्या डब्यावर चढून फोटो काढणारी मुले आपल्याच वर्गातील असतात. फाटकाच्या दोन्ही बाजूंस आडवी कमान टांगलेली दिसते, ती शोभेची नव्हे. कडबा, कापूस भरलेली उंच गाडी तीखालून जात नसेल तर तारेखालूनही नेऊ नये म्हणून ती आहे. आबांनी त्या कमानीचे कारण विचारले, तेव्हा सांगितल्यावर ते एवढेच म्हणाले की मग हे फाटकाशी मराठीत मोठ्या अक्षरांत का लिहीत नाहीत. या प्रश्नाचे उत्तर मामांनाही देता आले नाही.

गाडीतून जाताना खिडकीबाहेर '५०० मीटर', '२५० मीटर' अशा पाट्या दिसतात. तारही एकच, दाबही एकच असताना या कशाला? तर दोन उपकेंद्रांची वीज एकाच क्षणी एकाच लयीत नसते, म्हणून त्यांच्यामध्ये थोडी तार मृत ठेवतात. तेथे चालक वीज तोडतो, गाडी आपल्या वेगावर पुढे जाते, मग वीज पुन्हा जोडतो. लहानसा नाकाच तो, फक्त थांबा नसलेला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-शिर्डी वंदे भारत सुरू झाली तेव्हा ती मागून ढकलणाऱ्या इंजिनावाचून कसारा घाट चढली. तेथे चढ सदतीस फुटांस एक फूट असा आहे. ही गाडी फक्त पंचवीस हजार व्होल्टची. घाटात जुनी तार असती तर ती इगतपुरीच्या खाली उतरलीच नसती.

तारेची एकी झाली असे म्हणावे, तर उंचीची दुही सुरू झाली आहे. एकावर एक दोन कंटेनर लादलेल्या मालगाड्यांसाठी काही मार्गांवर तार साडेसात मीटरांच्या वर न्यावी लागली. जून २०२० मध्ये गुजरातेत पालनपूर आणि बोताद यांच्या दरम्यान तशी पहिली गाडी विजेवर धावली. आपल्याकडची नेहमीची तार साडेपाच मीटरांच्या आसपास असते. तेव्हा त्या इंजिनांना लांब हाताचा नवा पॅन्टोग्राफ बसवावा लागला आहे. दाब मात्र तोच, सुमारे सात किलो.